खाडा ॲप: शेवटच्या सेमिस्टरच्या खऱ्या नोंदी

७ जानेवारी २०२५, मंगळवार

गाईड मॅडमच्या सहीची एक वर्क डायरी कॉलेजला द्यायची असतेच, तिच्यात "आज रिक्वायरमेंट ॲनालिसिस केले" असं लिहायचं आणि सही घ्यायची. ही दुसरी. हिच्यात काय झालं ते लिहिणार, नाहीतर एप्रिलमध्ये रिपोर्ट लिहिताना काही म्हणजे काही आठवत नाही, हा मागच्या सेमचा अनुभव आहे.

एमसीएचं शेवटचं सेम, प्रोजेक्ट मोबाइल ॲपचाच करायचा ठरलेलं होतं, विषय मात्र डिसेंबरभर ठरत नव्हता. पार्टनरला फिटनेस ॲप पाहिजे होतं, मला नको होतं कारण वर्गात आधीच चार फिटनेस ॲप आहेत आणि चौघांपैकी एकही जण जिमला जात नाही. शेवटी विषय काल रात्री ताटावर मिळाला. सदाशिव पेठेतली आमची मेस, मी जेवायला बसलो आणि काकू आत कुणालातरी म्हणत होत्या, आज परत चाळीस पोळ्या उरल्या. कालच्या आदल्या दिवशी कमी पडल्या होत्या. भिंतीला दोरीने बांधलेली खाड्याची वही आहे, कोण कधी जेवायला येणार नाही ते आधी लिहायची, पण तिच्यात लिहितं कोण.

तर विषय: मेसचा खाडा. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या चालेल, पण थोडं एआय घाला. बघू म्हटलं.

१० जानेवारी, शुक्रवार

ॲप कशात लिहायचं, फ्लटर (अँड्रॉइड, आयफोन दोन्हींसाठीचं टूलकिट) का कॉटलिन (अँड्रॉइडची भाषा), यावर पार्टनरशी दोन तास वाद. तिचं म्हणणं फ्लटरमध्ये एकदाच लिहायचं आणि आयफोनवर पण चालतं. माझं म्हणणं, मेसमध्ये सत्तर पोरं, त्यात आयफोन तीन, आणि काकूंचा फोन अँड्रॉइड ११ वाला, ज्याची काच उजव्या कोपऱ्यात तडकलीय. शिवाय आयफोनसाठी बिल्ड करायला मॅक लागतो, तो आमच्या दोघांच्या खानदानात कुणाकडे नाही. कॉटलिन ठरलं, यूआय म्हणजे दिसणारे स्क्रीन जेटपॅक कम्पोजमध्ये. आम्हाला शिकवलं ते अजून जुन्या पद्धतीचं, जावा आणि एक्सएमएल लेआउट, आणि गूगलने कॉटलिनला २०१७ मध्ये सपोर्ट दिला, २०१९ मध्ये तर कॉटलिन फर्स्टच जाहीर केलं, कम्पोजचं १.० येऊन पण साडेतीन वर्षं झाली. असो, युट्यूब आहे.

माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम. अँड्रॉइड स्टुडिओ उघडला की पंखा सुरू होतो, एम्युलेटर (लॅपटॉपवरचा खोटा फोन) उघडला की लॅपटॉप प्रार्थना करतो. त्यामुळे टेस्टिंग सरळ केबल लावून फोनवर.

१४ जानेवारी, संक्रांत

आज काकूंच्या स्वयंपाकघरात सकाळी नऊ ते बारा बसलो. आधी तिळगूळ, मग रिक्वायरमेंट. आम्ही घरून ठरवून गेलो होतो की काकूंना एक डॅशबोर्ड देऊ, आज किती हजर, किती खाडा, पाय चार्ट वगैरे. काकूंनी स्केच बघितलं, म्हणाल्या, "छान आहे रे, पण मला हे नकोय. मला फक्त सांग, कणीक किती भिजवू."

म्हणजे झालं. ताटं किती हा त्यांचा प्रश्नच नाही. भात वाढवता येतो, आमटीत पाणी घालता येतं (हे त्याच म्हणाल्या), पण कणीक पावणेदहाला भिजते आणि सव्वादहाला दोन मावश्या लाटायला बसतात, त्यानंतर आकडा कळून काही उपयोग नाही. त्यांचं गणित असं: एक किलो पिठात त्यांच्या मापाच्या २८ घडीच्या पोळ्या, माणशी सरासरी चार. पण सरासरी नावालाच, त्यांना प्रत्येकाचं माहितीये. कोपऱ्यात बसणारा एमपीएससीवाला सात खातो, मी पाच, पार्टनर दोन आणि तिसरी अर्धी टाकते.

आणि दुसरी गोष्ट कळली ती जास्त महत्त्वाची आहे. मेसचा नियम, सलग तीन दिवसांचा खाडा असेल तरच पैसे वजा. एका वेळचा खाडा कळवला तरी पोराला काही मिळत नाही, मग तो कशाला कळवेल? वही मोकळी का असते ते कळलं. हे ॲपने कसं सुटणार ते अजून माहीत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

आजचा दिवस वाया. खरं म्हणजे कालची रात्र.

आमचा डेटा गूगलच्या फायरबेसवर, त्याच्या फायरस्टोअर या ऑनलाइन डेटाबेसमध्ये. फुकटच्या प्लॅनमध्ये दिवसाला ५०,००० रीड मिळतात, एक नोंद वाचली की एक रीड. आम्ही हिशेब केला होता, सत्तर पोरं, दिवसातून दोनदा, कितीही उघडलं तरी दोन-तीन हजाराच्या वर जात नाही. काल रात्री अकराला सगळं बंद, क्वोटा संपला म्हणे. मला वाटलं कुणीतरी हॅक केलं. (आमचं ॲप कोण हॅक करणार, पण रात्री अकराला माणूस काहीही विचार करतो.)

कारण सापडलं एक वाजता. काकूंच्या स्क्रीनवर वरच्या बाजूला मी हौसेने घड्याळ लावलं होतं, सेकंदासकट. आणि पोरांची यादी आणायचा कॉल थेट कम्पोजेबलच्या, म्हणजे स्क्रीन काढणाऱ्या फंक्शनच्या, अंगात टाकला होता. घड्याळाचा सेकंद बदलला की ते पूर्ण फंक्शन परत चालणार, म्हणजे दर सेकंदाला सत्तरच्या सत्तर पोरं सर्व्हरवरून परत. मिनिटाला ४२०० रीड. पन्नास हजार संपायला बारा मिनिटं सुद्धा पुरी लागत नाहीत. मी जेवायला गेलो तेव्हा फोन टेबलवर चालू ठेवून गेलो होतो, बास.

यादी आता व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनपासून वेगळा डेटा सांभाळणारा भाग) हलवली, घड्याळ काढून टाकलं, काकूंच्या भिंतीवर घड्याळ आहेच. पण गंमत पुढे आहे, हा क्वोटा रिसेट होतो अमेरिकेतल्या पॅसिफिक टाइमच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे दुपारी दीडला. म्हणजे दुपारची जेवणं उरकल्यावर. नशीब की काकूंच्या फोनवर अजून टाकलं नव्हतं.

२८ जानेवारी, मंगळवार

सिंहगड रोडकडे जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट वाढतायत त्यामुळे मेसमध्ये सगळ्यांच्या तोंडी पाणी. काकू मोठ्या पातेल्यात पाणी उकळून ठेवतायत, तरी घरून फोन आले आणि दहा-बारा पोरं गावाला गेली. सगळ्यांचा खाडा एकदम. वही भरली! सलग तीन दिवसांच्या वर आहे ना, पैसे वाचतायत, मग कसं सगळ्यांना लिहिता येतं.

यूआयमध्ये मी "चपाती" लिहिलं होतं. काकूंनी बघितलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. स्ट्रिंग बदलली, "पोळी". आमच्या साताऱ्याकडे चपातीच म्हणतात पण पेठेत राहून वाद घालायचा नाही एवढं दोन वर्षांत शिकलोय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काकूंच्या फोनवर पहिल्यांदा ॲप. आम्ही पंधरा पोरांनी आधीच टाकून घेतलं होतं, त्यातल्या सहा जणांनी आजचा खाडा लावला. काकूंच्या फोनवर: खाडा शून्य. नेट बघितलं, आहे. परत इन्स्टॉल केलं, शून्य. माझ्या फोनवर काकूंच्या लॉगिनने उघडलं तर सहा! काकू म्हणाल्या, "तुझा फोन इथेच ठेवून जा मग."

संध्याकाळी फायरबेसच्या कन्सोलवर बसलो आणि दिसलं. आजच्या तारखेची दोन डॉक्युमेंट. एकाच्या नावात तारीख इंग्रजी आकड्यांत, दुसऱ्याच्या नावात तीच तारीख देवनागरी आकड्यांत. काकूंच्या फोनची भाषा मराठी आहे! आम्ही तारखेची की (डॉक्युमेंटचं नाव) बनवताना सिंपलडेटफॉरमॅटला लोकेल, म्हणजे कुठल्या भाषेत लिहायचं ते, दिलंच नव्हतं, म्हणून त्याने फोनचा डीफॉल्ट घेतला, आणि मराठी लोकेलचे डीफॉल्ट आकडे देवनागरी असतात. त्यामुळे पोरं एका तारखेत खाडा लावतायत आणि काकू दुसऱ्याच तारखेत बघतायत, दोन्ही आजच्याच. पार्टनरने मुद्दाम फोन हिंदीत करून बघितला, तर काही होत नाही, कारण हिंदीचे डीफॉल्ट आकडे इंग्रजी. मराठी आणि नेपाळीला मात्र हा मान.

आणि अँड्रॉइड स्टुडिओ त्या ओळीखाली पहिल्या दिवसापासून पिवळी रेघ मारून सांगत होता. पिवळं कोण वाचतं, आम्ही लाल असेल तरच थांबतो.

दुरुस्ती एका ओळीची. की साठी लोकलडेट जशीच्या तशी स्ट्रिंग करायची, ती फोन कुठल्याही भाषेत असला तरी साधे आकडेच देते. स्क्रीनवर दाखवायची तारीख मात्र मराठीच ठेवली, काकूंना तीच आवडते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नोटिफिकेशन. काकूंना पावणेदहाला "आज इतकी कणीक" असं आलं पाहिजे, सव्वादहाला आलं तर नको. वर्कमॅनेजर (मागच्या मागे कामं करणारी अँड्रॉइडची सोय) लावला, तो साडेदहाला उठला, कारण फोन पडून असला की डोझ मोडमध्ये, म्हणजे झोपेत, जातो आणि अशी कामं सिस्टिम तिच्या सोयीने करते, आपल्या नाही. मग एक्झॅक्ट अलार्म लावला. अँड्रॉइड १२ पासून त्याला वेगळी परवानगी, १४ मध्ये तर ती नवीन ॲपला आपोआप मिळतच नाही, पण काकूंचा ११, त्यामुळे इथे जुना फोन कामी आला.

आज बरोबर ९:४५ ला वाजलं. काकूंनी बघितलंच नाही. दोन्ही हात परातीत, फोन फ्रिजवर. मी समोर उभा. "अरे वाजलं ना काहीतरी, बघ जरा काय म्हणतंय ते." म्हणजे नोटिफिकेशन वाचून दाखवायला एक माणूस लागणार.

पार्टनर म्हणाली मग त्यालाच बोलू दे ना.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

टेक्स्ट टू स्पीच मराठीत आहे हे माहीत होतं, वापरलं नव्हतं कधी. आवाजाचा डेटा डाउनलोड केला, चालला. ताटं ६७, गुणिले चार, भागिले अठ्ठावीस, नऊ पूर्णांक काहीतरी, जवळच्या पाव किलोला राउंड करून ९.५. फोन म्हणाला, "नऊ पॉइंट पाच किलो."

काकू: "पॉइंट पाच म्हणजे काय? साडेनऊ म्हण ना."

तर आज दुपारभर बसून एक फंक्शन लिहिलं ज्याचं कुठल्याही लायब्ररीत काही सापडलं नाही. पाव आला तर सव्वा, अर्धा आला तर साडे, पाऊण आला तर पावणे. पण दीडला साडेएक म्हणत नाहीत आणि अडीचला साडेदोन, ते वेगळे. नुसता पाव, नुसता अर्धा, पाऊण, ते पण वेगळे. सव्वाएक म्हणायचं का नुसतं सव्वा यावर मेसमध्ये दोन तट पडले, तेवढी कमी कणीक कधी भिजणारच नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. कोड छोटाच, बारा-पंधरा ओळी, पण सगळ्या प्रोजेक्टमध्ये मला एवढी मजा कुठे आली नाही. मॅडमना दाखवलं, त्या हसल्या आणि म्हणाल्या हे रिपोर्टमध्ये लोकलायझेशन या नावाने घाला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मजा आली असं लिहिलं होतं ना. आज फोन म्हणाला "पावणेनऊ किलो". काकूंनी पावणेनऊ किलो भिजवली. पावणेदोनला पोळ्या संपल्या, शेवटची सात-आठ पोरं भातावर, कोपऱ्यातला एमपीएससीवाला पण त्यातच, त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते लिहून ठेवत नाही.

९.७५ होतं ते. मी पूर्णांक घेतला ९, पुढे लावलं पावणे, झालं पावणेनऊ. पण पावणे म्हणजे येणाऱ्या आकड्याला पाव कमी, पावणेदहा पाहिजे! मराठीत बोलताना आयुष्यात कधी चुकलो नाही, कॉटलिनमध्ये चुकलो. सव्वा आणि साडे मागच्या आकड्यावर उभे राहतात, पावणे पुढच्याच्या तोंडाकडे बघतो, आणि मी टेस्ट केलं होतं ते फक्त साडे. बरोबर एक किलो कमी, म्हणजे २८ पोळ्या.

काकू रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "मलाही वाटलं हं कमी, पण म्हटलं कॉम्प्युटर सांगतोय तर असेल." त्यांच्या मनातला आकडा बरोबर होता आणि आमच्यामुळे त्यांनी तो बाजूला ठेवला. आता फोन आधी ताटं सांगतो, मग कणीक, म्हणजे त्यांना ताळा करता येतो. आणि पावपासून वीसपर्यंत प्रत्येक पाव किलोची युनिट टेस्ट लिहिली, ऐंशी टेस्ट, सगळ्या हिरव्या.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपवास हा प्रकार आमच्या डेटाबेसमध्ये नव्हता. हजर किंवा खाडा, हो किंवा नाही. आज अर्धी मेस उपवासाची, ती हजर आहे पण पोळी खात नाही, साबुदाण्याची खिचडी खाते. म्हणून काल रात्री घाईने तिसरा पर्याय टाकला, रूमचं, म्हणजे फोनमधल्याच डेटाबेसचं, व्हर्जन १ चं २ केलं, काकूंच्या फोनवर अपडेट टाकलं. खिचडीचा आकडा चोख आला, काकू खूश.

दुपारी तीनला काकूंचा फोन, "अरे पैशाचं सगळं कोरं झालंय."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल लिहायची ताकद नव्हती. तर झालं असं: खाडे सगळे फायरस्टोअरवर आहेत, ते परत खाली आले, कुणाला कळलं पण नाही. पण कुणी किती ॲडव्हान्स दिला, कुणाचे किती बाकी, हे काकूंनीच सांगितलं होतं की नेटवर नको, म्हणून ते फक्त त्यांच्या फोनमध्ये, त्याच रूम डेटाबेसमधल्या दुसऱ्या टेबलात. आणि मी जानेवारीत, रोज टेबलं बदलत होतो तेव्हा, फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन लावून ठेवलं होतं. त्याचा अर्थ एवढाच, की व्हर्जन बदललं आणि मायग्रेशन (जुना डेटा नव्या रचनेत न्यायचा कोड) सापडलं नाही तर जुनी टेबलं उडव आणि नवीन बनव. नावातच डिस्ट्रक्टिव्ह आहे, लपवलेलं काही नाही. ते त्याने इमानदारीत केलं. तीन आठवड्यांचा हिशेब गेला, बॅकअपही मी मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या सेटिंगची फाइल) बंद करून ठेवलेला.

संध्याकाळी दोघं गेलो, तोंड पाडून. काकूंनी दोरीची वही काढली. खाड्याच्या नाही, मागच्या पानांवर. प्रत्येकाचा ॲडव्हान्स, तारखेसकट, ॲपमध्ये टाकून झाल्यावर त्यांनी तो रोज वहीतही लिहिला होता. मला वाटलं होतं वही बंद झाली. "बंद कशाला करू? तुझं परीक्षेचं झालं की तू जाशील."

सत्तर नोंदी रात्री साडेदहापर्यंत हाताने भरल्या, काकू वाचून दाखवत होत्या, पार्टनर टाइप करत होती, मी बघत होतो. आता नीट मायग्रेशन लिहिलंय, एक कॉलम वाढवायची एक ओळ, ती जुन्या डेटासकट तीन फोनवर चालवून बघितली. पैशाच्या टेबलाची रोज एक फाइल पण बनते, काकूंच्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचं बटण आहे.

८ मार्च, शनिवार

प्ले स्टोअर. २५ डॉलर एकदाच भरायचे, पार्टनरच्या दादाच्या कार्डवरून भरले. नवीन वैयक्तिक अकाउंट असेल तर सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी क्लोज्ड टेस्टिंग, म्हणजे ठरावीक लोकांकडून चाचणी, बारा टेस्टर, सलग चौदा दिवस. आधी वीस लागायचे, डिसेंबरमध्ये बारा केले. आम्हाला वाटलं सत्तर पोरांच्या मेसमध्ये बारा म्हणजे काहीच नाही. तेरा झाले. नवव्या दिवशी दोघांनी स्टोरेज भरलं म्हणून ॲप उडवलं आणि टेस्टिंगमधूनही बाहेर पडले, अकरा राहिले, पुन्हा पहिल्यापासून. आता अठरा जण घेतलेत आणि प्रत्येकाला सांगितलंय की गेम उडवा, रील उडवा, हे नको.

१७ मार्च, संकष्टी

उपवास नीट चालला. रात्री चंद्रोदयानंतर जेवणारे वेगळे धरायचे, ते काकूंनी आठवण केली म्हणून जमलं.

एका वेळचा खाडा कुणी कळवत नाही हा जानेवारीतला प्रश्न काकूंनी सोडवला, आम्ही नाही. आम्ही बॅज आणि पॉइंट देणार होतो. काकूंनी फळ्यावर लिहिलं: दहा वेळा आधी कळवलं तर एक पाहुण्याचं ताट फुकट. दुसऱ्या दिवसापासून खाडे पडायला लागले. आता एक महाभाग जेवायला येतो आणि खाडाही लावतो, त्याच्यासाठी काकूंच्या स्क्रीनवर "आला होता" असं बटण द्यावं लागलं.

१२ एप्रिल, शनिवार

रिपोर्ट. युज केस, क्लास डायग्राम, ईआरडी, सगळं आता, ॲप झाल्यावर, ॲप बघून काढतोय, सगळेच असं करतात. मॅडमना निष्कर्षात टक्के पाहिजेत. आमच्याकडे काकूंनी डब्याच्या झाकणावर खडूने लिहिलेल्या उरलेल्या पोळ्यांचे आकडे आहेत, तेही वीस-बावीस दिवसांचेच. ते जसेच्या तसे तक्त्यात दिले, टक्के काढले नाहीत. एआयच्या जागी मागच्या चार त्याच वारांची सरासरी आहे आणि तिचं नाव सरासरीच ठेवलंय. बाइंडिंगला अप्पा बळवंत चौकात टाकलं, तीन कॉप्या, सोनेरी अक्षरं, सोमवारी मिळणार.

२४ एप्रिल, गुरुवार

वायवा. एक्स्टर्नल सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, एआय कुठंय. नाहीये म्हटलं. दुसरा, आयफोनवाल्यांचं काय. तीन आहेत, ते काकूंना तोंडी सांगतात, काकू टाकतात. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी पावणेचं पान उघडलं, डोळे बारीक करून वाचलं आणि म्हणाले, साडेतीन बोलायला लाव. लावलं. मग म्हणाले, पावणेतीन. मग अडीच. मग पाऊण. पाच मिनिटं तेच चाललं होतं, मागे रांगेतली पोरं हसत होती. मायग्रेशनबद्दल काहीच विचारलं नाही, ज्याची मी रात्रभर तयारी केली होती.

२७ एप्रिल, रविवार

फीस्ट, श्रीखंड. काकूंना पेढे दिले. त्यांनी पेढा तोंडात टाकला, फोन पुढे केला, मे महिन्यात सगळी गावाला जातात, पन्नास जणांचा खाडा एकेक करून टाकत बसायचा का, एकदम नाही का टाकता येत?

नाही येत. लॅपटॉप रूमवर आहे. श्रीखंड संपवून जातो.